अहवाल ६ टक्क्यांचा, तरी निम्मा लेख उचललेला: संपादकाने काय करावं?

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. महाविद्यालयाच्या षण्मासिकाचं संपादन गेल्या वर्षी तुमच्याकडे आलं. एक लेख तुम्ही सॉफ्टवेअरमधून तपासून घेतला, इतर लेखनाशी साम्य ६ टक्के निघालं, समीक्षकांनीही होकार दिला आणि लेख छापला गेला. दोन महिन्यांनी दुसऱ्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेचं पत्र आलं, की या लेखाचा निम्मा भाग त्यांच्या २०११च्या लेखातला आहे. सोबत जुन्या अंकाची झेरॉक्स. आता तुम्ही विचारताय, की यापेक्षा चांगलं सॉफ्टवेअर कोणतं आणि मर्यादा किती टक्क्यांवर ठेवावी.

मी एका मराठी संशोधन त्रैमासिकाचं काम १७ वर्षं बघते आहे. आमच्याकडे मुख्यतः इतिहास, समाजशास्त्र आणि साहित्याचे लेख येतात. विज्ञानाच्या नियतकालिकांचं गणित वेगळं असतं, तिथे प्रयोगाची पद्धत सांगणारे परिच्छेद जवळपास सारखेच असू शकतात. त्यामुळे पुढचं सगळं मानव्यविद्यांच्या छोट्या नियतकालिकापुरतं धरा. तुमच्याकडे समीक्षक किती, हाताशी माणसं किती, अंक फक्त छापील की संकेतस्थळावरही, यावरही बरंच अवलंबून आहे. पण सॉफ्टवेअर बदलून तुमचा प्रश्न सुटणार नाही, एवढं मी खात्रीने सांगते. जे झालं ते यंत्राला दिसणं शक्यच नव्हतं. ते लेखकाला विचारूनच कळलं असतं, आणि विचारायचं काम संपादकाचं आहे.

यंत्राला का दिसलं नाही, ते आधी बघू. साम्य शोधणारं सॉफ्टवेअर आपल्या लेखाची तुलना फक्त त्याच्या साठ्यातल्या मजकुराशी करतं. परदेशी प्रकाशक क्रॉसरेफ या प्रकाशकांच्या संस्थेच्या सेवेतून आयथेंटिकेट नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, तिथे प्रकाशकांनी स्वतःच पुरवलेले लाखो इंग्रजी लेख असतात. आपल्याकडे विद्यापीठांना २०१९पासून इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या ‘शोधशुद्धी’ योजनेतून असं सॉफ्टवेअर मिळू लागलं. ‘शोधगंगा’ या त्याच केंद्राच्या ऑनलाइन संग्रहात पीएच.डी.चे प्रबंधही आहेत. पण मराठीतलं संशोधन आजही मोठ्या प्रमाणात छापील अंकांत, गौरवग्रंथांत, चर्चासत्रांच्या पुस्तकांत आणि विद्यापीठांच्या तळघरातल्या कपाटांत आहे. २०११चा तो अंक कुणी संकेतस्थळावर चढवलाच नसेल, तर तो यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नाही.

चढवला असला तरी अडचण संपत नाही. घरी एक प्रयोग करून बघा. २०११च्या आसपासच्या एखाद्या मराठी अंकाची पीडीएफ उघडा, एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. बहुतेक वेळा देवनागरीऐवजी रोमन अक्षरं, कंस आणि चित्रविचित्र चिन्हांची रांग उमटेल. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये अक्षर पडद्यावर ‘महाराष्ट्र’ दिसतं, पण संगणकाच्या आत ते मराठी नसतंच. यंत्र हीच रांग वाचतं. ही रांग तुमच्या युनिकोडमधल्या, म्हणजे आजच्या सर्वमान्य संगणकीय लिपीपद्धतीतल्या लेखाशी कधीच जुळणार नाही.

दोन्ही मजकूर युनिकोडमध्ये असले तरी आणखी एक बारीक भोक राहतं. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत नुक्त्याचा ऱ वापरतात, दुसरीत साधा र आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. ‘ॲ’चंही तसंच, एक सलग अक्षर, एक अ-वर चंद्र देऊन केलेलं. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दोन वेगळे शब्द दिसू शकतात. कुणी मुद्दाम काही केलेलं नसतानाही साम्याचा आकडा यामुळे खाली येतो. म्हणून आम्ही तपासणीआधी लेखातले हे शब्द एकाच पद्धतीत बदलून घेतो. वर्डमध्ये शोधा-आणि-बदला केलं की पाच मिनिटांचं काम आहे.

आता टक्क्यांबद्दल. १०, ४० आणि ६० हे आकडे सगळ्यांच्या तोंडी बसलेत ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीमुळे. १० टक्क्यांपर्यंतच्या किरकोळ साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० हा पहिला स्तर, ४० ते ६० दुसरा, त्यावर तिसरा. लेखाच्या बाबतीत पहिल्या स्तरावर लेख मागे घ्यायला सांगतात. दुसऱ्यावर त्याशिवाय एक वार्षिक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षं नवा विद्यार्थी मार्गदर्शनासाठी घेता येत नाही. तिसऱ्यावर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं. म्हणजे शिक्षा किती करायची हे संस्थेने ठरवावं म्हणून केलेली ही मोजपट्टी आहे. लेख छापायचा की नाही हे संपादकाने तिच्यावरून ठरवायला लागलं की घोटाळा होतो.

हिशोब करून बघा. ५,००० शब्दांच्या लेखाचे १० टक्के म्हणजे ५०० शब्द. तेवढ्यात आख्खा निष्कर्ष बसतो. दुसऱ्याचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलला आणि बाकी लेख स्वतः लिहिला, तरी आकडा ‘चालतो’ असंच म्हणणार. त्याच नियमावलीत स्पष्ट म्हटलंय, की गोषवारा, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी यांत साम्य असता कामा नये. हे वाक्य फारसं कुणी वाचत नाही, आकडा मात्र सगळ्यांना पाठ असतो. उलट बाजूही आहे. मागे आमच्याकडे पत्रव्यवहारावरचा एक लेख आला होता. साम्य ३५ टक्क्यांच्या पुढे, आणि लेख अगदी स्वच्छ. सगळं साम्य होतं ते त्यात उद्धृत केलेल्या जुन्या पत्रांचं. लेखिकेने आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे एकेरी अवतरणचिन्हं दिली होती, सॉफ्टवेअरने ती अवतरणं म्हणून धरलीच नाहीत. म्हणून अहवाल आला की मी आकडा शेवटी बघते. आधी अहवालात साम्य दाखवायला रंगवलेली ठिकाणं बघते. रंग प्रास्ताविकात आहे की विश्लेषणात? दहा ठिकाणी चार-चार शब्द आहेत की एकाच ठिकाणी सलग परिच्छेद?

नियमावलीत योगायोगाने जुळणाऱ्या सलग १४ शब्दांपर्यंत सवलत आहे. मराठीसाठी मला ती फार सैल वाटते. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘शेतकऱ्यांच्या मुलांसाठीसुद्धा’ हे मराठीत दोन शब्द, इंग्रजीत तेच सांगायला पाच-सहा लागतात. १४ मराठी शब्दांत एक पूर्ण विचार मावतो. आम्ही सात-आठ सलग शब्द जुळले, की थांबून बघतो.

मग आम्ही करतो काय? लेख आला की समीक्षकाकडे पाठवण्याआधी लेखकाला एक छोटं पत्र जातं. त्यात तीन गोष्टी विचारतो. हा लेख कशातून निघाला: प्रबंध, प्रकल्प, चर्चासत्रातलं वाचन, की आधी छापलेला एखादा लेख? संदर्भयादीतली कोणती साधनं तुम्ही स्वतः हाताळलीत आणि कोणती दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलीत? स्वतः हाताळलेल्यांपुढे फुली करा. आणि तिसरं, तुमच्या आधी कुणी म्हटलेलं नाही असं या लेखात काय आहे, कोणत्या पानावर? दोन-तीन वाक्यांत सांगा. याशिवाय लेखाची युनिकोडमधली वर्ड फाइल आणि लेखक दोन असतील तर कुणी कोणता भाग लिहिला याची एक ओळ.

तिसऱ्या प्रश्नावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. ज्याने स्वतः खपून लेख लिहिलाय त्याला हे उत्तर देताना आनंद होतो. कधी कधी उत्तर लेखापेक्षा चांगलं असतं, आणि मी तेच प्रास्ताविकात घालायला सांगते. ज्याने लेख जमवलाय तो गोषवारा पुन्हा चिकटवून पाठवतो, किंवा पाठवतच नाही. दर वर्षी काही लेखक या पत्रानंतर पुन्हा संपर्क करत नाहीत. कुणावर आरोप करावा लागत नाही, कुणाचा अपमान होत नाही. छापण्याआधीचा हा एक प्रश्न नंतरच्या दहा पत्रांपेक्षा सोपा पडतो.

दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व मला एका तळटिपेने शिकवलं. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यावरचा लेख होता, भाषा छान, संदर्भ भरगच्च. एका तळटिपेत त्या काळच्या वृत्तपत्राचा संदर्भ होता: ज्ञानप्रकाश, ३१ जून. जूनला ३० दिवस असतात! लेखकाला विचारलं, हा अंक कुठे पाहिलात? ग्रंथालयाचं नाव सांगा, पानाचा फोटो असेल तर पाठवा. चार दिवसांनी उत्तर आलं, की अंक पाहिलेला नाही, एका पुस्तकातून घेतलंय. पुस्तक काढून बघितलं, तर तिथेही ३१ जून. छपाईची चूक, आणि तिच्यासकट सलग अकरा तळटिपा या लेखात उतरल्या होत्या. त्या पुस्तकाच्या लेखकाने ज्या फायली धुंडाळायला कित्येक महिने घालवले असतील, ते श्रम याच्या नावावर जमा होत होते. मजकुरातलं एकही वाक्य शब्दशः सारखं नव्हतं, सॉफ्टवेअरने अवाक्षर काढलं नसतं. तेव्हापासून मी लेख हातात आला की आधी तळटिपा वाचते. अमुकच्या पुस्तकात उद्धृत, असं लिहिण्यात कमीपणा काहीच नाही, हे नव्या अभ्यासकांना मी आवर्जून सांगते.

भाषांतर करून उचललेला मजकूर पकडणं सगळ्यात अवघड, आणि सध्या तोच वाढतोय. इंग्रजी किंवा हिंदी लेख यंत्राकडून मराठीत करून घ्यायचा, वरवर हात फिरवायचा आणि पाठवायचा. याच्या खुणा भाषेत राहतात. मुंबईतल्या चाळींवरच्या एका लेखात वाक्य होतं: ‘संशोधकाने शेतात सहा महिने घालवले.’ चाळीत शेत कुठून आलं? मूळ इंग्रजी शब्द ‘फील्ड’, म्हणजे इथे प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेलं क्षेत्रकार्य, यंत्राने त्याचं शेत केलं. इंग्रजीतही हे चाललंय. शब्द बदलून देणाऱ्या यंत्रांमुळे ठरलेल्या संज्ञांची मोडतोड होते. २०२१ साली कबानाक, लाबे आणि मगाझिनोव या संशोधकांनी छापील लेखांतून अशा मोडक्या संज्ञा शोधून दाखवल्या. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या अर्थाच्या जागी ‘नकली जाणीव’ या अर्थाचे शब्द सापडले. असं एक जरी वाक्य दिसलं तरी मी आसपासची तीन वाक्यं इंग्रजीत आणि हिंदीत उलटी भाषांतरित करून शोधते. पंधरा-वीस मिनिटं जातात, पण बऱ्याचदा मूळ सापडतं. मराठी मजकुरासाठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर आणि मराठी विकिपीडियावर शोध घ्यायला विसरू नका. प्रास्ताविकाचे परिच्छेद तिथूनच आलेले मी अनेकदा बघितलेत.

समीक्षक निवडताना एक गोष्ट करून पाहा. लेखाचा विषय घ्या आणि त्यावर ज्यांनी मूलभूत काम केलंय अशी तीन-चार नावं स्वतः लिहून काढा. मग संदर्भयादी बघा. त्यातलं जे नाव यादीत नाही, शक्य असेल तर लेख त्याच व्यक्तीकडे समीक्षेला पाठवा. अर्थात नाव गळण्यामागे साधं अज्ञानही असू शकतं, आणि समीक्षक स्वतःचंच नाव घालायचा आग्रह धरेल हा धोकाही आहे, तेवढं भान ठेवा. पण आपलं वाक्य आपल्याला जितक्या लवकर ओळखू येतं, तितकं ते कुणालाच येत नाही. तुम्हाला पत्र लिहिणाऱ्या प्राध्यापिका छापण्याआधी समीक्षक असत्या, तर पहिल्याच पानावर हे थांबलं असतं.

स्वतःच्याच मजकुराचं काय, हा प्रश्न तुमच्याकडेही येईलच. पीएच.डी.च्या प्रबंधावरून लेख केला की शोधगंगेवरच्या प्रबंधाशी ५०-६० टक्के साम्य निघतं, आणि लेखक घाबरतात. ही चोरी नाही. तळटिपेत ‘प्रबंधाच्या अमुक प्रकरणावर आधारित’ एवढं स्पष्ट लिहिलं, की आमचं समाधान होतं. मात्र छापून आलेला लेख शीर्षक बदलून दुसरीकडे देणं, किंवा एकाच अभ्यासाचे तुकडे पाडून तीन लेख करणं याबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२०मध्ये वेगळी सूचना काढली आहे. तसे लेख आम्ही घेत नाही.

सहलेखकांचं म्हणाल, तर मार्गदर्शकाचं नाव असलेल्या लेखात दोघांनाही वेगवेगळं पत्र पाठवा आणि दोघांच्याही सह्या घ्या. २०११ साली ‘ॲडव्हान्स्ड मटेरियल्स’मध्ये आलेल्या एका लेखात प्रास्ताविकातली काही वाक्यं दुसऱ्या लेखातून आल्याचं पुढच्या वर्षी उघड झालं. सहलेखकांत ज्येष्ठ शास्त्रज्ञ सी. एन. आर. राव होते. तो मजकूर एका विद्यार्थ्याने लिहिला होता, माफी मात्र ज्येष्ठ सहलेखकांना मागावी लागली. एवढ्या मोठ्या माणसाच्या नजरेतून सुटू शकतं, तर आपल्याकडच्या मार्गदर्शकांनीही लेख पूर्ण वाचल्याशिवाय नाव देऊ नये.

इथे मनातलं एक बोलते. उचललेला मजकूर पाठवणारी बरीच मुलं लबाड नसतात. गाइड वाचून परीक्षा दिल्या, उत्तरात पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं तर शाबासकी मिळाली, आणि एकाएकी चोविसाव्या वर्षी सांगितलं जातं की हा गुन्हा आहे. मधल्या काळात कुणी शिकवलं? वर प्राध्यापकांना बढतीसाठी लेखांची संख्या दाखवावी लागते, आणि पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी एक लेख छापलेला हवा ही अट तर २०२२च्या नियमांत निघेपर्यंत होतीच. म्हणून आम्ही लेखकांसाठी एक पान तयार केलं, नियमांऐवजी नमुन्यांचं. तुम्हीही तुमच्या विषयातलं उदाहरण घेऊन ते करा. समजा मूळ वाक्य असं आहे: ‘गिरणी बंद पडली तेव्हा कामगार आधी गावी गेला नाही, आधी त्याने मुलीची शाळा बदलली.’ आता कुणी लिहिलं, ‘गिरणी बंद झाल्यावर कामगार लगेच गावी परतला नाही, प्रथम त्याने मुलीची शाळा बदलली’, तर शब्द बदलले, पण हे निरीक्षण ज्याचं होतं त्याचं नाव गेलं. योग्य रूप असं: ‘गिरणी बंद पडल्याचा पहिला परिणाम मुलींच्या शिक्षणावर झाला असं अमुक यांनी नोंदवलं आहे (वर्ष, पान). मी घेतलेल्या मुलाखतींत मात्र आधी मुलग्यांची शाळा सुटलेली दिसते.’ तीन वाक्यं एकाखाली एक छापली, की मुलांना फरक दिसतो. हे पान मिळाल्यावर स्वतःहून लेख परत मागून घेऊन, दुरुस्त करून पाठवणारे लेखक मी पाहिले आहेत.

आता तुमच्यासमोरचं प्रकरण. प्राध्यापिकेला आजच उत्तर द्या, की पत्र मिळालं, चौकशी सुरू केली आहे आणि अमुक तारखेपर्यंत कळवू. अशा तक्रारींना उत्तरच न मिळणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय ठरतो. मग दोन्ही लेख समोर ठेवून दोन रकान्यांचा तक्ता करा, डावीकडे २०११चा परिच्छेद, उजवीकडे तुमच्या अंकातला, पान क्रमांकांसह. हे काम कंटाळवाणं आहे, पण स्वतः करा. तो तक्ता लेखकाला पाठवा आणि लेखी खुलासा मागवा. ‘चोरी’ हा शब्द त्या पत्रात नको, फक्त ‘हे साम्य कसं आलं’ एवढंच विचारा. प्रकाशन-नीतीचं काम करणारी ‘कोप’ ही १९९७पासूनची संस्था संपादकांना हाच क्रम सांगते: पुरावा समोर ठेवा, लेखकाला बोलू द्या, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर त्याच्या संस्थेला कळवा. लेखक तुमच्याच महाविद्यालयातला असेल तर तुमच्यावर दबाव येईल. तेव्हा निर्णय एकट्याने घेऊ नका, संपादक मंडळातल्या बाहेरच्या दोन सदस्यांना तक्ता दाखवून त्यांचं मत लेखी घ्या.

तुम्ही सांगता तसं निम्मं साम्य खरं निघालं, तर लेख मागे घ्यावा लागेल. संकेतस्थळावरून पीडीएफ गुपचूप काढून टाकू नका. ती तिथेच ठेवा आणि प्रत्येक पानावर ‘हा लेख मागे घेतला आहे’ असं ठळक छापा, कारण कुणीतरी तो आधीच संदर्भ म्हणून वापरला असेल आणि त्याला ते कळायला हवं. छापील अंकासाठी पुढच्या अंकाच्या अनुक्रमणिकेत स्वतंत्र निवेदन घ्या, शेवटच्या पानावरच्या चौकटीत दडवू नका. आम्ही आजवर दोनदा असं निवेदन छापलं, त्याचा मसुदा तुम्हाला देते: ‘अंक अमुक, पृष्ठं अमुक ते अमुक, या लेखातील मजकुराचा मोठा भाग अमुक यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या लेखातून श्रेय न देता घेतल्याचं आढळलं. लेखकाचा खुलासा मागवून संपादक मंडळाने हा लेख मागे घेतला आहे. मूळ लेखिकेची आणि वाचकांची आम्ही क्षमा मागतो.’ मूळ लेखिकेच्या लेखाचा पूर्ण तपशील, म्हणजे शीर्षक, अंक आणि पानं, त्यात नक्की द्या, आणि छापायला जाण्याआधी मसुदा त्यांना वाचायला पाठवा.